शेणोलीची गाडी पुन्हा उभी करायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली, त्यावर आम्ही सांगलीची काही मुलं चित्रपट करतोय. सातारा-सांगली पट्ट्यात जुनं स्टेशन कुठलं मिळेल, धुराचं इंजिन कुठून आणायचं, आणि रेल्वेची परवानगी कशी काढायची? बजेट बेताचं आहे."

प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण प्रतिसरकारच्या, म्हणजे साताऱ्याकडे इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांच्या सरकारच्या, या प्रसंगाला कुणीतरी हात घालतंय. लगेच धास्तीही वाटली, कारण तुमच्या यादीत स्टेशन पहिलं आणि इंजिन दुसरं. मी सव्वीस वर्षं कला विभागात आणि पुढे लोकेशनच्या कामात काढली. रेल्वेचा सीन म्हटला की जो तो इंजिनापासून सुरुवात करतो आणि पैसे संपत आले की रुळांपाशी येतो. तुम्ही उलटं जा. आधी टेप घेऊन रूळ मोजा.

पुण्याहून मिरजेकडे येणारी ही लाइन १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने टाकायला घेतली, ती मीटर गेजची. १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी जोडणी होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, जिला जुनी माणसं एम. एस. एम. म्हणायची. १९४३ च्या जूनमध्ये ही कंपनीच होती. सरकारने कारभार हातात घेतला तो १९४४ मध्ये. लाइन मोठी, म्हणजे ब्रॉड गेज, झाली १९७१ मध्ये. म्हणजे तुमच्या सीनमधल्या दोन रुळांत एक मीटरचं अंतर हवं, आणि आज शेणोलीला उभं राहिलात तर ते १६७६ मिलिमीटर आहे. सव्वादोन फुटांनी जास्त.

"एवढं कोण बघतंय?" असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, दर वेळी म्हणतंच. मी मिरजेच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, वडील सांधेवाले, म्हणजे गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारे, होते. १९७१ नंतर वीसेक वर्षं मिरजेत तिन्ही गेज एकत्र नांदत होते: पुण्या-कोल्हापूरकडे ब्रॉड, लोंढ्याकडे मीटर, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे बार्शी लाइटची नॅरो. आम्ही पोरं नजर चुकवून रुळावरून रुळावर उड्या मारायचो. नॅरोवर ती नुसती ढांग होती, मीटरवर जरा अंग ताणावं लागायचं, आणि ब्रॉडवर लहान पोर हमखास मधल्या खडीत पडायचं. माणूस रुळांत उभा राहिला की त्याच्या अंगावरून रुळाचं माप कळतं, मग त्याला गेज हा शब्द माहीत असो वा नसो. तुमच्या सीनमध्ये माणसं रुळांतच उभी राहणार आहेत. इंजिनाचा वर्ग चुकला तर हौशी शंभर जण पत्र लिहितील. गेज चुकला तर कुणीच काही बोलणार नाही, पण गाडी रणगाड्यासारखी दिसेल आणि तिच्यापुढची माणसं पोरासोरांसारखी.

आता तुमचा प्रसंगच नीट बघा. कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र लाड, जी. डी. बापू लाड आणि त्यांचे साथीदार यांनी रुळांवर दगड रचले, गाडी थांबली, आणि मागे जाऊ नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही दगड रचले. म्हणजे तुमच्या चित्रपटाचा मुख्य प्रसंग उभ्या गाडीचा आहे! धावती गाडी तुम्हाला किती शॉटपुरती हवी? लांबून येताना एक, चाकं आवळली जाताना एक, फार तर ड्रायव्हरच्या बाजूने पुढचे दगड दिसतानाचा एक. बाकी सगळं म्हणजे उभे डबे, दारं, रूळ, खडी आणि माणसं. हे एकदा मनाशी पक्कं केलंत की निम्मं बजेट सुटतं. स्टेशन एकीकडे करा, रूळ आणि उभे डबे दुसरीकडे, धावतं इंजिन तिसरीकडे. एकाच जागी तिन्ही मिळवण्याच्या नादात मी एका निर्मात्याला पार कर्जबाजारी होताना पाहिलं आहे.

स्टेशनचं आधी उरकतो. शेणोलीचाच हट्ट धरू नका. ही लाइन आता विजेची आहे. डोक्यावर २५,००० व्होल्टची तार, ठरावीक अंतराने खांब, रुळांखाली काँक्रीटचे आडवे स्लीपर, रंगीत दिव्यांचे सिग्नल, उंच फलाट. कराड, सांगली, मिरज ही स्टेशनं तर विचारातच घेऊ नका, तिथे कॅमेरा ठेवायलाही गर्दीतून जागा काढावी लागेल. लहान स्टेशनं बघत फिरा: आदर्की, वाठार, रहिमतपूर, तारगाव, मसूर, भिलवडी, नांद्रे. वाठारचं मला अप्रूप आहे. साहेबाच्या काळात महाबळेश्वरला जाणारे लोक तिथे उतरून टांग्याने पाचगणीचा घाट चढायचे, म्हणजे एके काळी वाठारचा फलाट मुंबईच्या साहेबमंडळींनी भरायचा. पण गतवैभव कॅमेऱ्यात दिसत नाही. काळ्या दगडाची एखादी भिंत, कमानीचं दार, जुन्या लाकडी खिडकीची चौकट यातलं जिथे जे शिल्लक असेल तेच तुमचं. इमारत पूर्ण दाखवायची नाही. तिकीट खिडकी, मास्तरांची खोली, बाहेरच्या कट्ट्यावर बसलेली माणसं, एवढ्यात स्टेशन उभं राहतं. कॅमेरा रुळांकडे पाठ करून लावला की खांबही जातात आणि तारही.

फलाट उंच असतो ही खरी अडचण आहे, आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा लहान स्टेशनांवर फलाट रुळांच्या पातळीला किंवा हातभर उंच. माणूस डब्यात शिरायचा नाही, चढायचा. बाई आधी बोचकं आत टाकणार, मग पदर खोचून दांड्याला धरून पाय वर घेणार, म्हाताऱ्याला आतून कुणीतरी हात देणार. आजचा फलाट पावणेतीन फुटांच्या घरात, त्यामुळे नट सरळ चालत आत जातो आणि सीन लोकलचा होऊन बसतो. चढण्या-उतरण्याचा शॉट असेल तर तो फलाटावर घेऊच नका. आपण बांधलेल्या डब्यापाशी, जमिनीवर घ्या.

आता रूळ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचा चित्रपट इथेच तरेल किंवा बुडेल.

खाजगी माळ बघा. कुंडल, ताकारी, शेणोलीच्या बाजूला मागे डोंगराची रांग येईल असा. वेळ घालवू नका, पण सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा जाऊन ऊन कुठून येतं ते बघा. तिथे भराव टाकून साठ ते ऐंशी फूट मीटर गेज बांधायचा. मीटर गेजचा लाकडी स्लीपर साधारण सहा फूट लांब, आठ इंच रुंद. ब्रॉडचा नऊ फुटांचा असतो, म्हणून भंगारवाल्याने "रेल्वेचे आहेत" म्हणून मोठे ओंडके गळ्यात मारले तर कापून घ्यावे लागतील. साठ फुटांना पंचवीसेक स्लीपर लागतील. नवीन लाकूड असेल तर जळकं ऑइल पाजा, दोन दिवस उन्हात टाका, मग वरून खडीची धूळ चोळा.

रुळांसाठी खरं लोखंड हवंच असं नाही. तुमच्या रुळांवर वजन फक्त बांधलेल्या डब्याचं येणार, आणि तोही आपण आतून जॅकवर उभा करणार. कुपवाडच्या एमआयडीसीत कुठल्याही फॅब्रिकेटरला रुळाच्या डोक्याचा छेद कागदावर काढून द्या, तो पत्रा आणि पट्ट्या जोडून करून देईल. डोक्याचा वरचा भाग तेवढा चकचकीत घासायचा, बाजू गंजलेल्या ठेवायच्या. जिथे चाकं फिरतात तिथेच रूळ चमकतो. नवशिक्या आर्टवाल्याचा रूळ सगळीकडून सारखा तपकिरी असतो, आणि तसा रूळ म्हणजे वर्षानुवर्षं गाडी न गेलेली लाइन. खरा जुना रूळ घ्यायचा मोह झाला तर पावती घ्या, आणि पावती कुणाच्या नावावर आहे तेही बघा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि "शूटिंगसाठी आणलंय" हे उत्तर चालत नाही. रेल्वेच्या लिलावातून माल उचललेल्या व्यापाऱ्याकडूनच घ्या आणि कागद सेटवर ठेवा.

खडी फार नीट पसरू नका. आजची लाइन मशीनने भरलेली, दोन्ही बाजूंना इस्त्री केल्यासारखी असते. तेव्हा गँग हाताने खडी भरायची. एका बाजूला ढीग, मध्ये राख, इंजिनातून पडलेला कोळशाचा चुरा, तेलाचे डाग. कोळशाची राख वीटभट्टीवर पोत्याने मिळते.

आणि गवत उपटा. म्हणजे एक विशिष्ट गवत: काँग्रेस, गाजरगवत. आज आपल्याकडे रुळांच्या कडेला तेच माजलेलं असतं, पण ते आपल्या देशात १९५० च्या दशकात पुण्याकडे नोंदलं गेलं. १९४३ च्या शेणोलीत त्याचं एक फूलही नको. मागे शेतं दिसणार असतील तर ऊस टाळा. सहकारी कारखाने आणि उपसा सिंचन नंतरचं. जूनमध्ये तेव्हा बहुतेक रानं नांगरून, कुळवून पावसाची वाट बघत पडलेली असायची.

डब्यांचं सोपं आहे. दीड डबा बांधा. एक पूर्ण बाजू, आणि आतल्या सीनसाठी एक कप्पा, ज्याची समोरची भिंत निघते. ही कामं करायला मुंबईहून माणसं आणू नका. सांगली-मिरजेत गणपतीचे देखावे करणारे सुतार आणि पेंटर आहेत, आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक उभं केलं तेव्हापासून पडदे रंगवणाऱ्या हातांची या गावाला सवय आहे. त्यांना लाकडी डब्याचा जुना फोटो द्या आणि बाजूला व्हा. फक्त अक्षरांवर नजर ठेवा. तेव्हा वर्ग चार होते: पहिला, दुसरा, इंटर आणि तिसरा. थर्ड क्लास बंद झाला तो १९७४ मध्ये. स्टेशनच्या पाटीवर हिंदीची वेगळी ओळ नको.

आतल्या कप्प्याला हलवायचं कसं, हे पोरं नेहमी विचारतात. कप्पा चार जुन्या टायरांवर ठेवायचा, एका कोपऱ्याखाली लांब बांबूची तरफ घालायची आणि दोन माणसांनी ती दाबत राहायची. जोरात नाही, पाणी भरलेल्या घागरीचं पाणी हिंदकळेल पण सांडणार नाही इतकंच. खिडकीबाहेर एक लाइट, आणि लाइटपुढून दोन पोरं लिंबाच्या फांद्या घेऊन एका दिशेने पळत राहतात. पहिलं पोर पुढे गेलं की मागून फिरून परत रांगेत. पाच मिनिटांत घामाघूम होतात, पण पडद्यावर गाडी ताशी तीस-चाळीसने जाते. मी हे अजूनही करतो, एलईडीच्या भिंती आल्या तरी.

इंजिनाचं आता. आज ही लाइन मोठी असल्यामुळे मीटर गेजचं इंजिन शेणोलीला स्वतःच्या चाकांवर येऊच शकत नाही. ट्रेलरवर आणायचं म्हटलं तर टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट, नव्वद-शंभर टनांच्या घरातली वस्तू आहे, रस्त्यातल्या प्रत्येक पुलाचा हिशेब करावा लागेल. तेव्हा इंजिन आणू नका, इंजिनाकडे जा.

वाफेवर चालणारा मीटर गेज म्हणजे तमिळनाडूतली निलगिरीची डोंगरी रेल्वे. मेट्टुपालयमहून वर जाणारी ही लाइन मीटर गेजचीच आहे, पण कल्लारच्या पुढे कुन्नूरपर्यंत दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी येते, आणि लो अँगल लावला की ती दिसते. मेट्टुपालयम ते कल्लार हा तुकडा सपाट आणि बिनपट्टीचा आहे. तिथली झाडी मात्र नारळ-सुपारीची, आपल्या माळाशी जुळणार नाही. त्यामुळे तिथून चाकं, दांडे, वाफ आणि फायरमनच्या फावड्याचे जवळचे शॉट घ्या. लांबचा शॉट हवा असेल तर राजस्थानात मारवाड जंक्शन ते खामलीघाट किंवा मध्य प्रदेशात पातालपानी ते कालाकुंड, दोन्हीकडे पर्यटकांसाठी मीटर गेज राखला आहे. मारवाडची बोडकी टेकाडं मेमधल्या आपल्या डोंगरांच्या बरीच जवळ जातात. तिथे वाफेचं रूप दिलेलं डिझेल इंजिन मिळेल, दोन फर्लांगांवरून ते खपतं. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये जुनी वाफेची इंजिनं जपली आहेत आणि चित्रपटवाल्यांचा तिकडे नेहमी राबता असतो, पण तिथलं प्रसिद्ध 'अकबर' हे ब्रॉड गेजचं आहे. तुमच्या कामाचं नाही. आणि मीटर गेजचं वायपी इंजिन कुणी देऊ केलं तर घ्या खुशाल, फक्त मनात असू द्या की तो वर्ग १९४९ नंतरचा आहे. मी घेतलं असतं. बॉयलरवर कंपनीची अक्षरं नीट रंगवली असती आणि कॅमेरा चाकांवर ठेवला असता.

तुमच्या माळावर मग काय? इंजिनाचं तोंड. धुराड्यापासून केबिनपर्यंत एक बाजू, प्लाय आणि पत्र्याची, उभी. खालून वाफेच्या नळ्या. इथे एक बारकावा पाळा. गाडी थांबून निघते तेव्हा सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी काढायला खालचे कॉक उघडतात आणि वाफ दोन्ही बाजूंना जमिनीलगत फुसकन निघते. सगळे लोक धुराड्यातून धूर काढण्यात गुंततात. खालची वाफ दाखवलीत तर इंजिन जिवंत वाटतं, वरचा धूर थोडा कमी पडला तरी चालतो.

खांब आणि तारा व्हीएफएक्सने पुसता येतात, हो. कॅमेरा स्थिर असेल तर परवडतं. कॅमेरा हलतोय, समोरून धूर जातोय आणि मागे तार आहे, असा शॉट मात्र पुसायला देऊ नका.

परवानगीबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंत, पण ते काम चित्रीकरणापेक्षा लांब चालतं. पुणे-मिरज लाइन मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येते. अर्ज मुख्य जनसंपर्क अधिकाऱ्यांकडे, किंवा एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) फिल्म फॅसिलिटेशन ऑफिसच्या पोर्टलवरून, जे आता रेल्वेशी जोडलेलं आहे. सोबत संहिता, निदान रेल्वेची सगळी पानं. गाडी अडवून रक्कम नेण्याचा प्रसंग आहे म्हटल्यावर ती पानं दोनदा वाचली जाणार, तेव्हा त्याच्यासोबत एक पानभर इतिहास जोडा: तारीख, ठिकाण, प्रतिसरकार, आणि हे स्वातंत्र्यलढ्यातलं आहे हे पहिल्याच वाक्यात. मग ऑपरेटिंग, कमर्शियल, इंजिनिअरिंग, ट्रॅक्शन, सुरक्षा, प्रत्येक खात्याची होकाराची सही. परवाना शुल्क स्टेशनच्या दर्जाप्रमाणे, वर अनामत, वर विमा. गाडी मागितलीत तर तिचे पैसे वेगळे, आणि तेच सगळ्यात जड. म्हणून तर सांगतोय, रेल्वेकडून फक्त स्टेशनची भिंत मागा, गाडी मागू नका. दर बदलत असतात, कुणाच्या जुन्या बिलावरून बजेट मांडू नका.

परवानगी आठ तासांची मिळाली तर हातात साडेतीन-चार तास धरा. गाड्या येत-जात राहणार, प्रत्येक वेळी सगळं मागे ओढायचं, माणसं मोजायची. आणि तारेखाली काम असेल तर एक नियम सगळ्या युनिटला पाठ हवा: जिवंत तारेपासून दोन मीटरच्या आत माणूस नाही आणि वस्तूही नाही. यात क्रेनचा हात, बूमची काठी, अॅल्युमिनियमची शिडी, रिफ्लेक्टर आणि उघडलेली छत्री हे सगळं आलं. उन्हात नटीच्या डोक्यावर छत्री धरणारा पोरगा हा माझ्या मते रेल्वेच्या सेटवरचा सगळ्यात धोक्याचा माणूस आहे, कारण त्याचं लक्ष फक्त सावलीवर असतं.

एक माझी स्वतःची चूक सांगतो. एका लहान स्टेशनवर जुन्या काळचा सीन होता, आम्हाला लूप लाइनच्या, म्हणजे मेन लाइनशेजारच्या जादा रुळांच्या, बाजूची जागा दिलेली. मला वाटलं, मागचं रेल्वे क्वार्टर रिकामं दिसतंय, जरा जीव आणू. दोरी बांधली आणि त्यावर एक लाल लुगडं वाळत घातलं. वारा छान होता, लुगडं मस्त फडफडत होतं, कॅमेरामन खूश. थोड्या वेळाने मेन लाइनवर मालगाडी आली आणि चांगली वेगात असताना करकचून ब्रेक लागले. सगळी गाडी कण्हत कण्हत उभी राहिली. ड्रायव्हरने खाली उतरून आधी लुगड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रुळांच्या कडेला लाल कापड हललं की तो थांबणारच, त्याला तसंच शिकवलेलं असतं आणि त्याने बरोबरच केलं. मास्तरांनी त्या क्षणी काम बंद केलं. मी लेखी खुलासा दिला, दिवस वाया गेला, निर्माता महिनाभर माझ्याशी बोलला नाही. घरी आलो तर वडील रिटायर झालेले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाळा, तुझ्या आईनं पस्तीस वर्षांत लाल लुगडं रुळांच्या बाजूला वाळत घातलेलं पाहिलंस का कधी?" खरंच पाहिलं नव्हतं. कॉलनीतल्या बायका ते मागच्या अंगणात घालायच्या. तेव्हापासून रेल्वेचा सीन असला की वेशभूषेच्या पेट्या मी स्वतः उघडून बघतो. लाल फेटा, लाल उपरणं, लाल बादलीसुद्धा बाजूला. तुमच्या माळावर हे बंधन नाही, पण स्टेशनच्या दिवशी ठेवा.

आवाजाचं काम संकलनापर्यंत ढकलू नका. आजच्या लाइनवर रूळ जोडून अखंड केलेले असतात, त्यामुळे तिथे रेकॉर्ड केलेला आवाज नुसता घरघरतो. तेव्हा मीटर गेजचा रूळ बारा मीटरचा, प्रत्येक सांध्यावर खटखट. ताशी चाळीसला जवळपास सेकंदाला एक सांधा येतो, हे गणित आवाजवाल्याला देऊन टाका. दोन सिलिंडरच्या इंजिनाचं चाक एकदा फिरलं की चार भपकारे निघतात. चाक सावकाश फिरतंय आणि भपकारे धडाधड चाललेत, असं आपल्याकडे सर्रास होतं. आणि सिग्नल: तेव्हा खांबावरच्या हलत्या हाताचा, आडवा म्हणजे थांबा, खाली झुकला म्हणजे या. आपण अजूनही "सिग्नल पडला" म्हणतो ते त्यावरूनच. सिग्नलची तार ओढली जाताना जमिनीलगत पुल्यांचा एक किरकिराट येतो, मग हात खट्टकन पडतो. हा आवाज मला झोपेतही ओळखता येईल. मिळाला नाही तर विहिरीचा रहाट आणि लोखंडी फाटक वापरून करून देतो, या कधी घरी.

आता घड्याळ. मास्तरांच्या खोलीत ते तुम्ही लावणारच. युद्धामुळे सरकारने १ सप्टेंबर १९४२ पासून देशाचं घड्याळ एक तास पुढे केलं होतं, ते १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तसंच राहिलं. म्हणजे जूनमध्ये कराडकडे सूर्य आजच्या घड्याळाने सहाला उगवतो, तर तेव्हा स्टेशनच्या घड्याळात सात वाजलेले असायचे, आणि संध्याकाळी आठला दिवे लागायचे. उजेड आणि काटे जुळवताना हे धरा. शिवाय गावातली म्हातारी माणसं नव्या वेळेला दाद देत नसतील, तर "रेल्वेचा टाइम की आपला टाइम?" असा एक संवाद तुम्हाला फुकट मिळतो. तिकीट खिडकीवर सुटे पैसे द्यायचे झाले तर भोकाचा पैसा द्या. तो १९४३ मध्येच निघाला, त्यामुळे नवाकोरा, चकचकीत हवा. मारुतीच्या गळ्यातल्या माळेसारखा काळवंडलेला नको. तिकीट जाड पुठ्ठ्याचं, आणि त्यावर तारीख उठवायच्या यंत्राचा आवाज. मास्तर नुसता शिक्का मारताना दाखवू नका.

शेवटी महिना. ७ जून म्हणजे मृगाचा तोंडावर आलेला दिवस. आभाळ भरून येतं, वारा सुटतो, रानं तापून वास मारतात, पण अजून हिरवं काही नाही. हा रंग वर्षातून पंधरा दिवसच मिळतो, मेच्या विसापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. माळावरचं काम याच दिवसांत बसवा, स्टेशनच्या भिंतीचं काम हिवाळ्यातही चालेल. भराव आणि रूळ एप्रिलअखेर तयार हवेत, म्हणजे जागामालकाशी बोलणं पौषाच्या आसपास. करारात एक कलम विसरू नका: पेरणीआधी भराव काढून रान होतं तसं करून देऊ. आणि माळावर ताडपत्र्या भरपूर ठेवा, प्लायचं इंजिन एका वळवात फुगतं.